नानांची स्पर्धा आणि माझी पाणसळ

पहिल्याच वर्षी नानांनी स्नूकरच्या टेबलावर नारळ फोडला. टेबलापुढं नव्हे, टेबलावर. सागवानी काठावर नेम धरून आपटला आणि पाणी सगळं हिरव्या कापडावर सांडलं. वर हळदीकुंकू वाहिलं, दोन उदबत्त्या टेबलाच्या बॉल पडायच्या मधल्या खिशात खोचल्या, टाळ्या झाल्या. ते कापड मी दोन दिवस ताणून, ठोकून, इस्त्री करून बसवलं होतं. हैदराबादहून आलेला एक खेळाडू काठी हातात धरून माझ्याकडं बघत राहिला. मी त्याच्याकडं बघायचं टाळलं. पुढचे तीन तास मी ओल्या जागेवर टिपकागद आणि कोमट इस्त्री फिरवत बसलो. पाणी सुकलं, कुंकू काही निघालं नाही. ते कापड होतं तोवर बाहेरचे खेळाडू विचारायचे, ही गुलाबी खूण कसली म्हणून.

नानांनी छापलेल्या स्मरणिकेत ही गोष्ट सापडायची नाही. तिथं ‘शानदार शुभारंभ’ एवढंच आहे.

आमच्या अंबाजोगाईत व्यावसायिक स्नूकरची स्पर्धा आली कशी, याचं बाहेरच्यांना नवल वाटतं. त्यात नवल काही नाही. बाकीचे खेळ वाटून झाले होते. कुस्तीचा फड एका पुढाऱ्याकडं, कबड्डी दुसऱ्याकडं, क्रिकेटचे चषक तर गल्लोगल्ली. नाना म्हणजे मंगल कार्यालयाचे मालक, रस्त्याच्या कामांचे ठेकेदार आणि दर निवडणुकीला ‘इच्छुक’. त्यांच्या वाट्याला खेळच उरला नव्हता. त्यांचा जावई पुण्यात असतो. त्यानं सांगितलं की स्नूकर हा जाकीट आणि बो घालून खेळायचा खेळ आहे. नानांना खेळ कळला नाही, जाकीट आवडलं.

मी या टेबलांचा मिस्त्री. गाव घाटनांदूर. वडील दारं-चौकटी करायचे, मीही तेच शिकलो आणि लग्न झाल्यावर अंबाजोगाईत एका फर्निचरवाल्याकडं लागलो. गावातल्या जुन्या क्लबात एक फार जुनं टेबल होतं. त्याची एक पाटी तडकली म्हणून हैदराबादहून रहीमचाचा नावाचे उस्ताद आले. त्यांना लाकूड कळणारा माणूस हवा होता. मी गेलो तो एकोणीस दिवस परत आलोच नाही. त्यानंतर हेच काम केलं. बीड, लातूर, नांदेड, परभणी इकडं स्नूकरची जेवढी पार्लरं निघाली आणि बंद पडली, त्यातल्या बहुतेकांची टेबलं मी मांडली आणि मीच उचलली.

लोकांना वाटतं, टेबल म्हणजे लाकूड. ते लाकूड नाही, दगड आहे. बारा फूट लांब, सहा फूट रुंद, आणि कापडाखाली पाटीच्या दगडाचे पाच जाड तुकडे. एकेक उचलायला चार गडी लागतात. हे पाच तुकडे असे जुळवायचे की सांध्यावरून नख फिरवलं तरी अडकू नये. सांधा भरायचा, घासायचा, मग त्यावर पाणसळ ठेवायची. गवंडी भिंतीला लावतात तीच, फक्त आमची जास्त नाजूक. काचेच्या नळीतला बुडबुडा मधोमध थांबला की त्या जागी टेबल सपाट. असं वीस जागी बघायचं. शेवटची परीक्षा बॉलची. बॉल अगदी हळू, म्हाताऱ्याच्या चालीनं सोडायचा. जोरात मारलेल्या बॉलला उतार कळत नाही, तो आपल्या गुर्मीत सरळ जातो. हळू बॉल मात्र शेवटच्या दोन फुटांत उताराकडं वळतो.

रहीमचाचा म्हणायचे, “मियाँ, पत्थर कू पूछो. सेठ कू नक्को पूछो.”

नानांच्या स्पर्धेची पाचही वर्षं मी सेठलाच विचारत राहिलो.

दुसऱ्या वर्षी स्पर्धेचं नाव वाढलं. आधी ‘खुली’ होती, ती ‘अखिल भारतीय व्यावसायिक’ झाली. फलक रुंद झाला, टेबलं दोनच राहिली. तरी खेळाडू खरंच चांगले आले, हे मान्य केलं पाहिजे. पुणे, इंदूर, हैदराबाद. खेळावर पोट असलेली माणसं ती, जिथं स्पर्धा तिथं जाणार. त्या वर्षीच्या प्रमुख पाहुण्यांनी उद्घाटनाचा फटका मारायला काठी घेतली ती उलटी. जाड टोकानं त्यांनी असा रट्टा दिला की कापड वीतभर फाटलं. मग माईक हातात घेऊन ते अर्धा तास बोलले की हा आपल्या मातीतला खेळ आहे. मी तोवर टेबलाखाली बसून नवं कापड कुठून काढावं याचा विचार करत होतो.

तिसऱ्या वर्षी उन्हाळ्यात स्पर्धा घेतली. पाहुण्यांना उकडतं म्हणून टेबलाच्या दोन्ही बाजूंना चार पाण्याचे कूलर लावले. कापड लोकरीचं असतं. ते दमट झालं आणि बॉल चिखलात चालल्यासारखे चालायला लागले. मी नानांना म्हणालो, “कूलर तरी तिकडं फिरवा.”

“कावून?”

“कापड ओलं व्हायलंय. खेळाडू बोंबलायलेत.”

“खेळाडू काय, आज हायेत उद्या न्हाईत,” नाना म्हणाले. “पाव्हणे आपल्याला दरसाल लागतात.”

मी कूलर होते तिथंच राहू दिले. दरसाल लागणाऱ्यांत मीही होतो.

आता देशमाने सरांची ओळख करून दिली पाहिजे. सर सिरसाळ्याकडच्या एका शाळेत गणित शिकवायचे. शांत माणूस. क्लबातल्या त्या जुन्या टेबलावर ते खेळ शिकले. दर रविवारी मोटारसायकलवर यायचे, चार तास खेळायचे, चहाही न घेता जायचे. मी सतरा वर्षं त्यांना बघत होतो. बरीच वर्षं त्यांच्याबरोबर खेळणारं कुणी नसायचं, तेव्हा दोन्ही बाजूंनी तेच खेळायचे. एकदा मी विचारलं, “सर, कोण जिंकलं?” तर म्हणाले, “समोरचा. मी आज लई घाई केली.”

नानांच्या स्पर्धेत ते पहिल्या वर्षापासून उतरायचे आणि एक-दोन फेऱ्यांत हरायचे. त्यांचं जाकीट म्हणजे लग्नातल्या कोटाच्या बाह्या कापून गावच्या शिंप्यानं शिवलेलं होतं. चौथ्या वर्षी ते जाकीट घालून ते उपांत्य फेरीत पोचले. फ्रेम म्हणजे एक डाव. निर्णायक फ्रेममध्ये ते आघाडीवर होते. वाकून एक लाल बॉल खिशात घातला, पंचांनी गुण पुकारला आणि सर सरळ उभे राहिले.

“पंचसाहेब, माझा फाऊल आहे. जाकिटाचं बटण बाजूच्या लालला लागलं.”

पंचांनी बघितलं नव्हतं. समोरच्या खेळाडूनं बघितलं नव्हतं. मी चार हातांवर होतो, मलाही दिसलं नाही. बॉल हलला असेल तर केसाएवढा. या खेळाचा रिवाज असा की आपली चूक आपणच सांगायची. रिवाज सगळ्यांना माहीत असतो, पाळणारे मी मोजकेच बघितलेत. सरांची पाळी तिथं थांबली, समोरच्यानं उरलेले बॉल साफ केले आणि सर हरले. कडेला नाना मला म्हणाले, “येडंय का बे हे मास्तर? आपला माणूस फायनलला गेला असता की!”

तेव्हा मी नानांना मनात हसलो होतो.

पाचव्या वर्षी सर फायनलला गेले. आपला माणूस फायनलला, म्हणून नानांना चेव आला. मुंबईहून एक मोठे साहेब येणार होते. त्यांना मंगल कार्यालयाच्या हॉलमध्ये चारशे माणसांपुढं बसवणं नानांना कमीपणाचं वाटलं. फायनल बाहेर पटांगणात, स्टेजवर घ्यायचं ठरलं. हे मला आदल्या दिवशी सकाळी कळलं. मी जाऊन स्टेज बघितलं. लोखंडी पायप, वर लाकडी फळ्या, वर लाल गालिचा. लग्नात नवरा-नवरीसाठी असतं तसंच.

“नाना, टेबलाचं वजन टनाच्या वर हाय. खालून विटांचे खांब घ्यावे लागतील. अन् मांडल्यावर एक दिवस बसू द्यावं लागतं.”

“मिस्त्री, तुला इंजिनेर कुणी केलं?” नाना म्हणाले. “शंभर माणसं नाचतात या स्टेजवर वरातीची. टेबल काय नाचणार हाय का?”

मी टेबल मांडलं. सोळा गडी घेऊन ते सोडवलं, पाट्या वर नेल्या, परत जुळवल्या. पायांखाली जाड फळ्या टाकल्या. दुसऱ्या दिवशी दुपारी चारला माझी पाणसळ वीसच्या वीस जागी मधोमध थांबली. बॉल सोडले, ते सरळ गेले. त्या स्टेजवर, एवढ्या वेळात, असं टेबल दुसऱ्या कुणी मांडून दाखवावं. हे मी आजही म्हणतो.

पाच वाजता गड्यांनी सोफे आणले. पाहुण्यांचे तीन मोठे सोफे आणि मागं खुर्च्यांच्या दोन रांगा, सगळ्या स्टेजच्या एकाच बाजूला, टेबलाच्या लांब काठासमोर. साडेपाचला मोठे साहेब आले. त्यांच्याबरोबर बावीस-पंचवीस माणसं वर चढली आणि बसली. फळ्या करकरल्या. मी पुढं होऊन काठावर पाणसळ ठेवली. बुडबुडा मधून उठला आणि सोफ्यांच्या उलट बाजूला सरकला. म्हणजे टेबल सोफ्यांकडं कललं होतं. एक बॉल हळू सोडून बघितला. शेवटाला गेला तो दोन बोटं सोफ्यांकडं वळून.

मी नानांच्या कानाशी गेलो. “नाना, पाव्हण्यांना खाली पहिल्या रांगेत बसवा. टेबल कललंय.”

नानांनी हसऱ्या चेहऱ्यानंच उत्तर दिलं, कारण फोटो निघत होते. “साहेबांना खाली बसवू? तुझ्या बॉलसाठी?”

पंचांकडं जायला हवं होतं. पंच दहा पावलांवर उभे होते, संभाजीनगरचे, जाणते गृहस्थ. मी त्यांच्याकडं गेलो नाही. मी स्टेजमागं गेलो. देशमाने सर खडू लावत उभे होते. त्यांचा प्रतिस्पर्धी, पुण्याचा कौस्तुभ, अजून आत कपडे बदलत होता.

मी हळूच म्हणालो, “सर, हळू बॉल सोफ्याकडं पळतोय. लांबच्या फटक्याला दोन बोटं पलीकडं धरा.”

सरांनी खडू खाली ठेवला. “कौस्तुभला सांगितलं?”

“न्हाई.”

“पंचांना?”

“न्हाई सर. तुमाला म्हणून सांगितलं.”

ते सरळ आत गेले, कौस्तुभला बाहेर घेऊन आले, आणि मी त्यांना सांगितलेलं जसंच्या तसं त्याला सांगितलं. मग दोघं मिळून पंचांकडं गेले. पंचांनी बॉल सोडून बघितला, मान हलवली आणि नानांना म्हणाले की पाहुणे उतरल्याशिवाय खेळ सुरू करू नये. नानांनी माईक घेतला.

“मंडळी, आपल्या मास्तरांचं म्हणणं हाय की टेबल तिरपं हाय! शाळेत पोरं म्हणतात, पेपर अवघड आला. तसं हाय हे!”

पटांगण हसलं. मोठे साहेबही हसले. सर मान खाली घालून उभे राहिले. कौस्तुभ पंचांना म्हणाला, “दोघांनाही माहीत आहे ना? मग खेळतो आम्ही. काका, तुमची हरकत?” सर म्हणाले, “नाही.”

पाच फ्रेमचा सामना. तिरप्या टेबलावर दोन चांगले खेळाडू कसे खेळतात हे मला त्या दिवशी बघायला मिळालं. दोघंही हळू फटक्याला दोन बोटं धरून मारत होते आणि बॉल वळून खिशात पडत होते. लोकांना यातलं काही कळत नव्हतं. लोक बॉल पडला की शिट्ट्या मारत होते. दोन-दोन बरोबरी झाली. पाचव्या फ्रेममध्ये टेबलावर फक्त काळा बॉल उरला. जो काळा घालेल त्याचा चषक. आणि पाळी सरांची.

काळा टेबलाच्या मधल्या भागात होता, न्यायचा होता लांबच्या कोपऱ्यातल्या खिशात. जोरात मारला तर मागोमाग ज्यानं मारायचं तो पांढराही दुसऱ्या खिशात जाऊन फाऊल व्हायचा धोका. म्हणजे हळूच मारायला हवा. सर वाकले. एवढ्यात मोठ्या साहेबांना पुढच्या कार्यक्रमाची आठवण झाली. ते उठले. ते उठले म्हणून नाना उठले, नाना उठले म्हणून पंचवीस माणसं उठली. हारतुरे, नमस्कार, पायऱ्यांवर गर्दी. सर काठी मागं घेऊन सरळ उभे राहिले आणि शांतपणे वाट बघत राहिले. पाच मिनिटांनी सोफे रिकामे झाले. गर्दी साहेबांच्या गाडीमागं पळाली.

फळ्या पुन्हा करकरल्या. तो आवाज मी ओळखला. वजन उतरलं होतं, स्टेज वर आलं होतं, टेबल सपाट झालं होतं. मी दुपारी चारला मांडलं होतं तसंच.

सर वाकले. त्यांनी दोन बोटं धरली आहेत, हे मला त्यांच्या काठीच्या रेषेवरून दिसलं.

मी ओरडलो असतो तर? खेळाडू वाकलेला असताना बोलायचं नसतं, हा नियम मला त्या क्षणी आठवला. दोन तासांपूर्वी सरांच्या कानाशी लागताना एकही नियम आठवला नव्हता. खरं तर सर वाकलेले असताना मी मोठ्यानं बोललो असतो तर ते दोघांनाही ऐकू गेलं असतं, पंचांनाही. त्यात काही वावगं नव्हतं. मी तोंड मिटून उभा राहिलो.

काळा बॉल सरळ गेला. कुठंही वळला नाही. खिशाच्या अलीकडं दोन बोटांवर कुशनला, म्हणजे काठाच्या रबराला, टेकला आणि खिशाच्या तोंडाशी येऊन थांबला. कौस्तुभनं तो घातला. घालण्यासारखं काही नव्हतंच, माझ्या नातवानंही घातला असता. त्यानं हात वर केले नाहीत. सरांपाशी येऊन म्हणाला, “काका, मीही तसाच मारला असता.” चषक द्यायला स्टेजवर कुणीच नव्हतं. नाना साहेबांना गाडीपर्यंत सोडायला गेले होते ते अर्ध्या तासानं आले, तोवर दोघं खेळाडू रिकाम्या सोफ्यावर शेजारी शेजारी बसून होते.

स्मरणिकेत ‘अटीतटीच्या अंतिम सामन्यात’ असं आहे. ‘आंतरराष्ट्रीय दर्जाचे टेबल’ असंही आहे.

सहाव्या वर्षी स्पर्धा झाली नाही. नानांना तिकीट मिळालं नाही, त्यांनी पक्ष बदलला आणि नव्या पक्षात त्यांच्या वाट्याला शंकरपट आला. बैलांना जाकीट लागत नाही, एवढी सोय झाली. खेळाडूंनी एक-दोनदा फोन करून विचारलं, मग तेही थांबले. एक टेबल लातूरच्या पार्लरवाल्यानं नेलं. दुसरं, फायनलचं, मंगल कार्यालयातच राहिलं. त्यावर प्लायवूड टाकून द्यायला मलाच बोलावलं होतं. मी दिलं टाकून. कशासाठी ते विचारलं नाही.

ते गेल्या उन्हाळ्यात कळलं. नानांच्याच कार्यालयात ओळखीतलं लग्न होतं. हॉलमध्ये शिरलो तर त्या टेबलावर पांढरी चादर अंथरून नवरीचं रुखवत मांडलेलं. चकल्यांचा मनोरा, रव्याच्या लाडवांचा किल्ला, साखरेचं तुळशीवृंदावन, लोकरीचे दोन ससे. बायका कौतुक करत होत्या. आणि त्यांच्यामागं देशमाने सर उभे होते. निवृत्त झालेत, केस सगळे पिकलेत. त्यांनी चादर जरा वर करून हात आत घातला होता आणि बोटांनी कुशनचं रबर चाचपत होते.

“कडक झालंय,” ते म्हणाले.

“वापर न्हाई सर. रबर मरतं.”

त्या फायनलनंतर आम्ही पहिल्यांदाच बोलत होतो. ते क्लबात यायचे थांबले होते आणि मीही सिरसाळ्याला कधी गेलो नव्हतो. मी म्हणालो, “सर, त्या दिवशी माझ्यामुळं झालं. मी तुमाला दोन बोटं सांगितली नसती तर काळा पडला असता.”

“छे,” ते म्हणाले. “सोफे रिकामे झालेले मला दिसत होते. मी बघायला पाहिजे होतं. गणिताचा मास्तर मी, वजन गेलं की उतार जाणार हे पोरगंसुद्धा सांगंल. हरलो ते माझं मी.”

मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू, छातीवरची पाटी उतरल्यासारखं वाटलं. मी हसून काहीतरी म्हणणार होतो.

सरांनी चादर नीट केली, सुरकुती राहू दिली नाही.

“मला लागलं ते दुसरंच, मिस्त्री,” ते म्हणाले. “सतरा वर्षं तुम्ही माझा खेळ बघितला. बटणाचा फाऊल झाला तेव्हा तुम्ही तिथंच होतात. तरी तुम्हाला वाटलं, हा माणूस हे गुपचूप घेईल.”

नानांवर, साहेबांवर, त्या स्टेजवर ढकलता येईल असं यात काहीच नव्हतं. बायका आम्हाला बाजूला व्हा म्हणत होत्या, त्यांना सशांचा फोटो काढायचा होता. सर बाजूला झाले, मीही झालो. मग पंगतीसाठी हाका सुरू झाल्या, आणि सर माझ्यासाठी न थांबता, पण रागानंही नव्हे, आपल्या नेहमीच्या चालीनं पुढं गेले.